वीस मिनिटं थांबावं लागतं

वीर्यतपासणीच्या खिडकीशी पुरुष बहुधा एकटाच येतो. डबी रुमालात गुंडाळलेली असते, नाहीतर शर्टाच्या आत पोटाशी धरलेली. घरून नमुना आणणाऱ्यांना आम्हीच तसं सांगायचो: डबी अंगाच्या उबेला ठेवा, तासाभराच्या आत पोचवा. खिडकीत बाई दिसली की काही जण मागे सरायचे, ‘सर नाहीत का?’ म्हणून विचारायचे. नाव, वय, किती दिवसांचा खंड, नमुना किती वाजता घेतला, त्यातला काही सांडला का, हे सगळं विचारून लिहून घ्यावं लागतं. सांडल्याचं सहसा कोणी कबूल करत नाही. पण तो प्रश्न फार महत्त्वाचा असतो, कारण शुक्रपेशींचा मोठा वाटा पहिल्या थेंबांत असतो. नेमके तेच गेले तर धडधाकट माणसाच्या रिपोर्टवर ‘काउंट कमी’ असा शेरा पडतो आणि पुढे कित्येक वर्षं तो शेरा त्या घरात वावरत राहतो.

नमुना घेतला की डबीवर वेळ लिहायची, ती ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि थांबायचं. ताजं वीर्य घट्ट, चिकट, गुठळीसारखं असतं. पिपेटमध्ये ते सरळ येत नाही, आलं तरी मोजणी खोटी ठरते. वीस-तीस मिनिटांत ते आपोआप पातळ होतं, क्वचित तासभर लागतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी त्या वेळात मी आदल्या दिवसाची रजिस्टरं पुरी करायचे. ते पातळ कशामुळे होतं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता, कारण त्याचं उत्तर थेट प्रोस्टेटच्या कर्करोगापर्यंत जाऊन पोचतं.

या पुस्तकाचं हस्तलिखित हाती आलं तेव्हा पहिली शंका मनात आली ती या मोटेबद्दलच. जननपेशी, प्रोस्टेटचे आजार आणि विषाणूंचं निदान हे तीन विषय एका दोरीत कसे बांधले? हॉस्पिटलात यांचे मजले वेगळे, डॉक्टर वेगळे, रांगाही वेगळ्या. पण मी खिडकीच्या आतल्या बाजूला अकरा वर्षं काढली आहेत, आणि आतून पाहिलं तर हे तिन्ही विषय एकाच नळीत असतात. वीर्यात वृषणातून येणाऱ्या शुक्रपेशींचा वाटा आकारमानाने अगदी थोडा, शेकड्यात पाचाच्या आसपास. बाकीचा द्रव वीर्याशयातून आणि प्रोस्टेटमधून येतो. आणि विषाणूला जागा मिळाली की तो या तिघांच्या सोबतीने त्याच द्रवात राहतो. सेंट्रिफ्यूज फिरवून आपण त्यांना वेगळं करतो तेव्हा कुठे ते वेगळे विषय होतात.

शब्दांपासून सुरुवात करते, कारण खिडकीशी येणारा माणूस शब्द घेऊनच येतो. मराठीत आपण सर्रास ‘शुक्रजंतू’ म्हणतो. त्यातल्या ‘जंतू’मुळे घोटाळा होतो. ‘मॅडम, जंतू कमी आहेत म्हणालात, म्हणजे चांगलंच ना?’ असं विचारणारे मला भेटले आहेत, आणि त्यांची त्यात काही चूक नव्हती. हा घोटाळा जुना आहे. १६७७ मध्ये डेल्फ्टच्या लेव्हेनहूकने स्वतः घासलेल्या भिंगातून वीर्य पाहिलं तेव्हा त्यालाही ते वळवळणारे छोटे प्राणीच वाटले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने पत्र लिहिलं, पण मजकूर विद्वानांना किळसवाणा वाटला तर तो प्रसिद्ध करू नका, अशी विनंतीही केली. नमुना आपल्या वैवाहिक संबंधातलाच आहे, हे त्याला मुद्दाम सांगावंसं वाटलं. साडेतीन शतकं होत आली, आमच्या खिडकीवरचा संकोच मला त्या पत्रातला संकोचच वाटतो.

पेशी म्हणून पाहिली तर शुक्रपेशीसारखी काटकसर शरीरात दुसरी नाही. ती तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो. त्यात ती आपल्यातलं जवळजवळ सगळं टाकून देते: पेशीद्रव जातो, डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो तीही बहुतांश जाऊन त्यांच्या जागी प्रोटामिन नावाची लहान प्रथिनं येतात, आणि डीएनए गच्च आवळला जातो. उरतं ते एक डोकं, मानेखाली ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रियांची गुंडाळी आणि शेपूट. स्त्रीबीजाचं सगळं उलट. ते सुमारे एक दशांश मिलिमीटर व्यासाचं असतं, कागदावरच्या बारीक टिंबाएवढं, आणि त्याची घडण मुलगी आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन मध्येच थांबलेली असते. तीस वर्षांच्या बाईच्या बीजांडकोशातून या महिन्यात बाहेर पडणारं बीज तीस वर्षांहून जुनं असतं. अडीच महिने आणि तीस वर्षं, हा फरक एकदा ध्यानात आला की पुस्तकातले पहिले चार लेख सोपे जातील. पुरुषाला ताप येऊन गेला की काउंट पडतो आणि तीन महिन्यांनी सावरतो, तो यामुळेच. एका वाईट रिपोर्टवरून निकाल देऊ नये, दुसरा नमुना मागावा, असं आम्हाला शिकवलं जातं तेही यामुळेच.

मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोकडच्या कारणाच्या जोडीने. तरी आपल्याकडे बाईच्या सगळ्या तपासण्या, सोनोग्राफ्या, उपासतापास उरकल्यावर नवऱ्याची डबी खिडकीशी येते. हे मला आजही सहन होत नाही. सगळ्यात स्वस्त, वेदना न देणारी तपासणी सगळ्यात शेवटी होते आणि तोवर बाईच्या कपाळी एक शब्द चिकटलेला असतो. तो शब्द मी इथे लिहिणार नाही.

जननपेशींच्या संशोधनात महाराष्ट्राचा हिस्सा मोठा आहे आणि त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून झालेला तो जन्म भारतातलं पहिलं ‘टेस्ट ट्यूब बाळ’ म्हणून नोंदला गेला. त्याआधी आठ वर्षं, ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधल्या लुईस ब्राउनच्या जन्मानंतर बरोबर दहा आठवड्यांनी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तसंच बाळ जन्माला घातल्याचं सांगितलं होतं. त्यांनी तर भ्रूण गोठवून ठेवून नंतर तो गर्भाशयात सोडला होता. सरकारी समितीने त्यांचा दावा खोटा ठरवला, सरकारने त्यांना परदेशी परिषदेला जाऊ दिलं नाही, बदली केली. १९८१ मध्ये त्यांनी स्वतःचं आयुष्य संपवलं. पुढे मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आनंद कुमारांच्या हाती आली. त्यांनी ती बारकाईने वाचली आणि १९९७ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये लिहून जाहीर केलं की पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा आहे. स्वतःच्या नावावर जमा झालेला मान स्वतःच्या हाताने दुसऱ्याच्या नावावर लिहून देणारा शास्त्रज्ञ परळमध्ये होऊन गेला. भोईवाड्याच्या त्या रस्त्याने जाताना मला दर वेळी त्यांची आठवण होते.

त्याच परळच्या संस्थेत दुसरी एक वाट प्रोस्टेटकडे वळली. १९७०-८० च्या दशकांत तिथे डॉ. अनिल शेठ आणि त्यांचे सहकारी वीर्यद्रवात ‘इन्हिबिन’ शोधत होते. पिट्यूटरी ग्रंथीतून येणारा, शुक्रपेशींच्या निर्मितीला चालना देणारा एफएसएच हा स्राव जो रोखील असा पदार्थ हवा होता. तो हाती लागला असता तर पुरुषांसाठी गर्भनिरोधक करता आलं असतं. ९४ अमिनो आम्लांचं एक छोटं प्रथिन हाती लागलंही, त्याची रचना १९८४ मध्ये प्रसिद्ध झाली. पण खरा इन्हिबिन वेगळाच, मोठा आणि दोन साखळ्यांचा निघाला. आणि हे छोटं प्रथिन? ते प्रोस्टेटचं होतं. प्रोस्टेटमधून वीर्यात येणाऱ्या मुख्य प्रथिनांपैकी ते एक आहे, आज त्याला पीएसपी-९४ म्हणतात, आणि प्रोस्टेटच्या कर्करोगात त्याचं प्रमाण घटतं असं पुढे दिसलं. निघाले होते गर्भनिरोधकाच्या शोधात, पोचले कर्करोगाच्या खुणेपाशी. याला अपयश म्हणायला माझं मन धजत नाही.

प्रोस्टेटला मराठी पाठ्यपुस्तकांत ‘पुरःस्थ ग्रंथी’ म्हणतात. शब्द अवघड आहे पण अचूक आहे: मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘पुढे उभा असलेला’ असाच. घराघरांत मात्र ‘बाबांना प्रोस्टेट झालंय’ असं म्हणतात, जणू ते आजाराचंच नाव. ग्रंथी प्रत्येक पुरुषाला असते, मूत्राशयाच्या तोंडाशी, अक्रोडाएवढी. वय वाढतं तशी ती बहुतेकांची फुगते, मधून जाणारी मूत्रनळी चेपते आणि रात्री चार वेळा उठावं लागतं. ही वाढ कर्करोग नव्हे. पण दोन्हींत रक्तातलं पीएसए नावाचं प्रथिन वाढू शकतं, आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

आता ती वीस मिनिटं. वीर्याच्या गुठळीला घट्ट धरून ठेवणारी सेमेनोजेलिन नावाची प्रथिनं असतात, आणि त्यांना कातरून वीर्य पातळ करणारा कात्रीसारखा विकर म्हणजेच हे पीएसए. शुक्रपेशी मोकळ्या पोहू शकतात त्या त्याच्यामुळे. वीर्यात त्याचं प्रमाण मिलिग्रॅममध्ये मोजतात, रक्तात नॅनोग्रॅममध्ये. म्हणजे रक्तात येतं ते साधारण दहा लाखांत एक भाग, प्रोस्टेटच्या भिंतीतून झिरपलेलं. भिंत कर्करोगाने पोखरली तर झिरप वाढते. नुसती सूज आली, जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला, आदल्या रात्री वीर्यस्खलन झालं, तरीही वाढते. रक्तातल्या पीएसएकडे कर्करोगाची घंटा म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचं मूळ काम विसरू नये, ही या पुस्तकातल्या प्रोस्टेटवरच्या लेखांची भूमिका आहे आणि ती मला मनापासून पटते.

अमेरिकेत १९८६ मध्ये ही तपासणी उपचार चालू असलेल्या रुग्णांवर लक्ष ठेवण्यासाठी मान्य झाली, १९९४ मध्ये निदानाला मदत म्हणूनही. मग ती धो धो वापरली गेली. मिलिलिटरला ४ ते १० नॅनोग्रॅम या पट्ट्यातल्या पुरुषांची बायोप्सी केली तर चारांतल्या साधारण एकाच्याच बायोप्सीत कर्करोग सापडतो. सापडलेल्यांतही कित्येकांचा इतका संथ असतो की तो त्यांना जन्मभर त्रास देणार नसतो, शस्त्रक्रियेने मात्र लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता जाऊ शकते. १९७० मध्ये प्रोस्टेटमधल्या अशा प्रतिजनाचं वर्णन करणाऱ्या रिचर्ड अॅब्लिन यांनीच पुढे सरसकट तपासणीविरुद्ध आवाज उठवला. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने ही चाळणी तपासणी करू नये असं सांगितलं, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयोगटासाठी ‘डॉक्टरांशी बोलून स्वतः ठरवा’ इथवर ते आले. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये पीएसए ‘फुकट’ मिळालं म्हणून करून घेणाऱ्या प्रत्येकाने प्रोस्टेटवरचे हे लेख आधी वाचावेत. आपल्या वडिलांना वाचून दाखवावेत.

राहिला विषाणू. वृषणाच्या आत सर्टोली पेशींची एक भिंत असते. शुक्रपेशी वयात आल्यावर तयार होऊ लागतात, त्यामुळे शरीराच्या संरक्षक यंत्रणेला त्या परक्या वाटू शकतात. ही भिंत त्यांना तिच्यापासून लपवते. त्याच आडोशाला काही विषाणूही लपतात. एबोलातून पूर्ण बरे झालेल्या पुरुषांच्या वीर्यात विषाणूचे अंश महिनोन्‌महिने सापडले आणि २०१५ मध्ये लायबेरियात त्यातून संसर्ग पुढे गेल्याचंही उघड झालं. झिकाचंही तसंच. ही दूरची गोष्ट वाटू नये. जुलै २०२१ मध्ये पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावात महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण आढळला. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत झालं आणि गावात डासांच्या धुरळणीबरोबर निरोध वाटले गेले. डासांच्या आजाराला निरोध कशाला, असं कोणालाही वाटेल. उत्तर वृषणातल्या त्या भिंतीत आहे.

एचआयव्हीने तर या तिन्ही शास्त्रांना एका टेबलावर बसवलं. पुरुष बाधित, बायको निरोगी, आणि दोघांना मूल हवं. इटलीत मिलानला सेंप्रिनी यांनी वीर्य धुण्याची पद्धत वापरली: घनतेच्या थरांतून सेंट्रिफ्यूज करून पोहणाऱ्या शुक्रपेशी तळाशी घ्यायच्या, विषाणू बाळगणारा द्रव आणि पांढऱ्या पेशी वर सोडून द्यायच्या, मग शुक्रपेशी पुन्हा धुऊन त्यांत विषाणू उरला नाही ना हे पाहायचं. १९९२ मध्ये त्यांनी अशा जोडप्यांचे अनुभव प्रसिद्ध केले. यातली शेवटची पायरी पीसीआरची, आणि तिथे एक खाच आहे. वीर्यद्रवातले काही घटक पीसीआरची क्रियाच अडवतात. नळीत विषाणू असूनही उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. म्हणून प्रत्येक नळीत ओळखीचा एक डीएनए मुद्दाम घालतात. तोही वाढला नाही, तर ‘निगेटिव्ह’ लिहायचा अधिकार आपल्याला नाही.

कोव्हिडनंतर ‘आरटीपीसीआर’ आणि ‘सीटी व्हॅल्यू’ हे शब्द भाजीबाजारातही ऐकू येऊ लागले, म्हणून पद्धत इथे समजावत नाही. एकच आकडा देते. फेरीगणिक दुप्पट होत ३० फेऱ्यांत एका प्रतीच्या शंभर कोटींहून अधिक प्रती होतात. तंत्राची सगळी ताकद त्यात आहे, सगळा धोकाही त्यातच.

तो धोका मी पाहिला आहे. वीर्यातल्या हर्पीस विषाणूसाठी आम्ही पीसीआर लावत होतो. एके दिवशी जेलवर बँड उमटले ते तीन रुग्णांच्या नमुन्यांत आणि निगेटिव्ह कंट्रोलमध्येही. निगेटिव्ह कंट्रोल म्हणजे नुसतं शुद्ध पाणी. तिघांचे रिपोर्ट टाइप झालेले होते, सही व्हायची बाकी होती. दोन दिवस शोधल्यावर कळलं की वाढवलेला डीएनए हाताळायची पिपेट कोणीतरी स्वच्छ खोलीत आणली होती. नवीन रसायनांनी रन पुन्हा लावला, तिघेही निगेटिव्ह. त्यातला एक जण लग्नाआधीच्या तपासणीसाठी आला होता. पाण्याची ती एक नळी कोणी आळसाने वगळली असती तर त्याचं काय झालं असतं, या विचाराने मी बरेच दिवस नीट झोपले नाही.

म्हणूनच पुस्तकातला एक्सएमआरव्हीवरचा लांबलचक लेख मला या संग्रहाचा कणा वाटतो. प्रोस्टेट आणि विषाणू यांची इतकी वेदनादायक गाठ दुसरीकडे पडलेली नाही. २००६ मध्ये क्लीव्हलँड आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधकांनी प्रोस्टेट कर्करोगाच्या काही गाठींत एक्सएमआरव्ही हा नवा विषाणू सापडल्याचं जाहीर केलं. तो उंदरांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूचा नातलग होता. कर्करोगाला विषाणू कारण असेल तर लस निघू शकते, त्यामुळे आशा मोठी होती. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये दुसऱ्या गटाचा लेख आला: सततच्या असह्य थकव्याच्या आजाराच्या १०१ रुग्णांपैकी ६८ जणांत हाच विषाणू, निरोगी २१८ जणांपैकी फक्त ८ जणांत. ज्यांना वर्षानुवर्षं ‘तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं ऐकावं लागलं होतं, त्या रुग्णांना पहिल्यांदा रक्तातला पुरावा मिळाल्यासारखं वाटलं. काहींनी एचआयव्हीची औषधं सुरू केली. काही देशांत अशा रुग्णांचं रक्तदान थांबवलं गेलं.

आणि मग दुसऱ्या प्रयोगशाळांना तो विषाणू सापडेना. कुठे नमुन्यांत उंदराच्या डीएनएचा अंश निघाला, तर एका विकतच्या पीसीआर किटमध्येच उंदराचा विषाणूजन्य डीएनए होता. २०११ मध्ये मूळ सापडलं. १९९० च्या दशकात प्रोस्टेटची एक मानवी गाठ प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या अंगावर एकातून दुसऱ्यात वाढवली गेली होती. तिच्यापासून पुढे ‘२२आरव्ही१’ नावाचा, जगभर वापरला जाणारा पेशीवंश तयार झाला. सुरुवातीच्या गाठींत विषाणू नव्हता, नंतरच्यांत होता. उंदरांच्या जनुकसंचातले दोन अर्धे तुकडे त्या प्रवासात एकमेकांना जोडले गेले आणि एक्सएमआरव्ही जन्मला. विषाणू खराच होता, पण रुग्णांच्या शरीरात तो कधी नव्हता. प्रयोगशाळेने तो घडवला आणि प्रयोगशाळेनेच तो शोधून काढला. डिसेंबर २०११ मध्ये ‘सायन्स’ने लेख मागे घेतला. सप्टेंबर २०१२ मध्ये, मूळ प्रोस्टेट-संशोधनातल्याच शास्त्रज्ञांनी आपले जुने नमुने पुन्हा काढून, तपासून, ते दूषित झाल्याचं स्वतः प्रसिद्ध केलं आणि त्यांचा २००६ चा लेखही मागे घेतला गेला.

हे वाचताना मला आनंद कुमार आठवले. पुण्यातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून देशभरच्या प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवले जातात. ते नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ अंशांवर ठेवणाऱ्या, त्यांची डीएनए-ओळख पडताळल्याशिवाय काम सुरू न करणाऱ्या मुलामुलींनी हा लेख जरूर वाचावा. ज्यांच्या हातात रिपोर्ट पडतो त्यांनीही वाचावा. पॉझिटिव्ह आलं की ‘कंट्रोल लावला होता का?’ असं विचारायचा हक्क त्यांनाही आहे. चांगल्या लॅबमधला माणूस त्या प्रश्नाचा राग मानत नाही.

संपादकांनी पहिला लेख नेमका इनक्युबेटरपाशी सुरू केला आहे. डबीवर नाव आणि वेळ लिहिलेली, दार बंद, ३७ अंश. आत प्रोस्टेटचा विकर सेमेनोजेलिनची जाळी कातरतो आहे. बाहेर बाकावर तो माणूस रुमालाची घडी घालत, उलगडत बसला आहे. वीस मिनिटांनी दार उघडून काचपट्टीवर पहिला थेंब ठेवायचा आहे.